विसाला एक

अपूर्णांक मला पाचवीत शिकवले. वरच्याला अंश म्हणायचं, खालच्याला छेद, एवढं पाठ केलं आणि पुढं सरकले. त्यांचा राग यायला मात्र बी.कॉम.चं शेवटचं वर्ष उजाडावं लागलं. तो राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आमचं घर वरकुट्याचं. मूळचे आम्ही मेंढरंवाले. माझ्या लहानपणी आजोबांचा कळप होता. दिवाळी झाली की तो कोकणाकडं निघायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. बघणाऱ्याला तो एकाच मालकाचा वाटायचा, पण तसा तो नव्हता. आमच्या घरात प्रत्येकाची मेंढरं वेगळी असत. लेक जन्मली तरी तिच्या नावानं एक कोकरू राखायचं, सून उंबऱ्याच्या आत आली की तिला एक मेंढी द्यायची आणि ज्याची त्याची खूण कानाला कापायची. कुणाची टोकाला, कुणाची बुडाशी, कुणाची दोन्ही कानांना. चरायला सगळी एकत्र, पाण्यावर सगळी एकत्र. पण मेंढी व्याली की कोकराच्या कानाला त्याच मालकाची खूण व्हायची. लोकर कातरली तरी ढीग वेगवेगळे पडायचे. यावरून घरात कधी तोंड वाजल्याचं मला आठवत नाही.

या कळपात आत्याची मेंढरं होती. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, चुलत्यांहून धाकटी. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाच नवरा गेला आणि ती माहेरी आली. पोटी मूल नव्हतं. सासरच्यांनी सातबाऱ्याला तिचं नाव लागू दिलं नाही. इथली जमीन दोन भावांच्या नावावर. रेशनकार्ड चुलत्यांच्या नावाचं, त्यात हिची एक ओळ. डाव्या कानाला मधोमध काप असलेली मेंढरं तेवढी तिची. आजोबांनी दिली होती मोजकीच, तिनं ती वाढवली. रात्री-अपरात्री उठून तिनं त्यांची बाळंतपणं केली आणि पावसात कोकरं पदराखाली घेऊन ती बसली.

पुढं आजोबांचे गुडघे गेले आणि भोवतालची रानं बागायती झाली. ज्या पडीकात मेंढरं बसायची तिथं डाळिंब आलं, ऊस आला. कळप विकायची वेळ आली. नेमकी त्याच सुमाराला लासुर्ण्याजवळ रस्त्याला लागून एक कंपनी उभी राहत होती. फळं ठेवायचं शीतगृह आणि शेजारी पेट्या भरायची शेड. कंपनी आपल्याच भागातल्या लोकांनी काढलेली, म्हणून शेअर विकायला माणसं गावोगाव फिरत होती. आमच्या ओट्यावर बसून त्यातला एक आजोबांना म्हणाला, "बाबा, सगळे एकाच नावावर घ्या. एकच कागद, कटकट नाही."

आजोबा म्हणाले, "मेंढरं एका जाग्याला चरत्यात म्हणून मालक एक हुतो व्हय?"

त्यांनी ज्याच्या मेंढरांचे पैसे त्याच्या नावावर शेअर घेतले. चुलत्यांच्या, वडिलांच्या, आत्याच्या, चुलतीच्या, आईच्या आणि माझ्या. मी तेव्हा शाळेत होते, म्हणून माझ्या कागदावर पालक म्हणून वडिलांचं नाव आलं. अठरा पूर्ण झाल्यावर मी ते काढून घेतलं. माझे तीन शेअर होते. माझ्या मेंढीला फार कोकरं झाली नव्हती, त्याला ती तरी काय करणार.

आमच्या बांधाला एका बागायतदाराचा बांध. टोमॅटो, द्राक्षं आणि पुण्याच्या मार्केटला रोज गाडी. त्यांनी शंभर शेअर घेतले, सगळे थोरल्याच्या नावावर. घरातल्या बायकांना शेअर म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. त्यांचा थोरला एकदा हसत म्हणाला होता, "तुमच्यात बायकांचंबी शेअर हायती म्हणं. उद्या बैलांचंबी काढा." आमच्या घरचे पुरुषही त्याच्याबरोबर हसले. ते हसणं मी विसरलेले नाही.

कंपनीची वार्षिक सभा पावसाळा सरत आला की व्हायची, शीतगृहाच्या आवारात मांडव घालून. नोटीस प्रत्येक भागधारकाला वेगळी यायची, त्यामुळं आमच्या घरी सहा यायच्या. पोस्टमन दारात उभा राहून सहा नावं वाचायचा. त्यात आत्याचं नाव असायचं, पुरतं, आडनावासकट. एरवी गावात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. ती कुणाची आत्या, कुणाची आक्का, नाहीतर 'ती माघारी आलेली'. तिच्या नावानं कागद येणारी सगळ्या जगात ती एकच जागा होती. बाकीच्या पाच नोटिसा चूल पेटवायला जायच्या. तिची मात्र देवाच्या फोटोमागं खोचलेली असायची.

सभेच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून सकाळच्या एसटीनं जायची. मांडवात बायकांसाठी एका बाजूला सतरंजी टाकलेली असायची. पहिल्या वर्षी व्यवस्था बघणाऱ्या एकानं तिला तिकडं बसायला सांगितलं. आत्यानं विचारलं, "खुर्ची शेअरवाल्याला हाय का बाप्यांना?" तो गडबडला. त्यानंतर दरवर्षी ती पुढच्या रांगेत, खुर्चीवर. आमच्या घरचे पुरुष कधीच गेले नाहीत. परत येताना ती चिवड्याचा पुडा न फोडता आणायची आणि आम्हाला कंपनी कशी चाललीय ते सांगायची. अध्यक्ष काय बोलले, वीजबिल किती वाढलं, सगळं.

एका सभेत ती उभी राहिली. शीतगृहातल्या थंड खोलीत आसपासच्या गावांतल्या बायका पेट्या लावायचं काम करत. त्यांच्या अंगात गरम असं काही नसायचं. आत्या म्हणाली, "आमी जल्मभर लोकर कातरली. हितं त्या गार खोलीत बाया नुसत्या लुगड्यावर उभ्या ऱ्हात्यात. त्यास्नी सुटर का न्हाय?" मांडवात हशा झाला. अध्यक्षांनी मात्र कागदावर काहीतरी लिहून घेतलं. पुढच्या हंगामात त्या बायकांना जाड कोट मिळाले. बाजारात भेटल्या की त्या आत्याला थांबवून बोलायच्या. एवढ्यावर ती किती उंच झाली होती ते मला माहीत आहे.

मी बारामतीला कॉलेजात होते, हॉस्टेलवर राहत होते. शेवटच्या वर्षाला सुट्टीला घरी आले तर आमच्या पलंगावर सहा जाड पाकिटं पडलेली. इंग्रजीतली, आत बारीक अक्षरांची पानंच्या पानं. "सा म्हयन्याची रद्दी आली," चुलते म्हणाले. मी वाचायला बसले. आमची कंपनी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीत विलीन होणार होती. दोन्हीकडच्या संचालकांचं ठरलं होतं. आता भागधारकांची सभा, मग कोर्टाची मंजुरी आणि त्यानंतर आमची कंपनी म्हणून काही उरणार नव्हतं. आमच्या शेअरांच्या बदल्यात मोठ्या कंपनीचे शेअर मिळणार होते. हिशेबतपासनिसांनी दोन्ही कंपन्यांचं मोल काढलं होतं आणि प्रमाण ठरवलं होतं. जुने वीस द्या, नवा एक घ्या.

विसाच्या पटीत जेवढं बसेल तेवढ्याचे नवे शेअर. जे उरेल तो अपूर्णांक, त्याचे पैसे. आणि ज्याच्याकडं मुळात वीसच नाहीत, तो माणूस सगळाच उरलेला.

आमच्या घरात एकाच्याही नावावर वीस नव्हते. वडिलांचे चौदा, चुलत्यांचे तेरा, आत्याचे अकरा, आई आणि चुलतीचे पाच-पाच, माझे तीन. सगळे मिळून पन्नासाच्या वर, म्हणजे एका नावावर असते तर दोन नवे शेअर नक्की. आजोबांनी गावात कुणी दिलं नसेल ते घरातल्या बायकांना दिलं होतं आणि त्याचीच शिक्षा म्हणून आम्ही सहाच्या सहा पुसले जाणार होतो. शेजारच्या बागायतदाराचे शंभर, त्याचे पाच नवे झाले. ज्यांनी आपल्या बायकांना कधी काही दिलं नाही ते अखंड राहिले. कायद्यानं कुणावर अन्याय केला असं कुणी म्हणू शकत नव्हतं. प्रमाण सगळ्यांना सारखंच होतं. या 'सारखंच'नं माझ्या अंगाची लाही होते.

कोर्टाच्या हुकमानं बोलावलेल्या त्या सभेला मीही आत्याबरोबर गेले. मुंबईहून आलेला अधिकारी चांगलं मराठी बोलत होता. आत्यानं उभं राहून विचारलं, "माजं अकरा हायती. माजं काय हुणार?"

"मावशी, तुम्हाला योग्य मोबदला मिळेल."

"मोबदला नगं मला. माजं नाव ऱ्हानार का?"

तो हसला. वाईट हसला नाही, समजूतदार हसला, ते जास्त वाईट होतं. "नाव घेऊन काय करायचंय मावशी? पैसे घ्या, नातवंडांना खाऊ घ्या."

आत्या खाली बसली. तिला नातवंडं नाहीत हे त्याला कसं माहीत असणार, असं कुणी म्हणेल. मी म्हणत नाही. माणसाला विचारल्याशिवाय त्याचं आयुष्य ठरवून टाकायची ती सवयच मला सहन होत नाही. ठराव मोठ्या बहुमतानं मंजूर झाला. विरोधात ज्यांचे हात वर होते त्यांत एक हात आत्याचा होता, बांगडी नसलेला.

यातून एक वाट होती आणि ती मला वर्गात शिकवलेली होती. शेअर बदलून देण्यासाठी कंपनी एक तारीख धरते. त्या तारखेला भागधारकांच्या यादीत ज्याच्या नावावर जे असेल ते खरं. त्याआधी शेअर एकमेकांच्या नावावर करून घेतले तर वीस भरत होते. ट्रान्सफरचा फॉर्म भरायचा, देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्या, मुद्रांकाचं तिकीट, सोबत सर्टिफिकेट जोडायचं आणि कंपनीच्या बारामतीच्या ऑफिसात द्यायचं. मी फॉर्म घेऊन घरी आले. धारा काढून झाल्यावर सगळे ओट्यावर बसले, तेव्हा मी सांगितलं.

चुलते म्हणाले, "मंग त्यात काय एवढं. करा समदं माझ्या नावावर. मी काय पळून चाललोय?"

"मंग मिटिंगला कोण जाणार?" आत्यानं विचारलं.

"मी जाईन की."

"आजवर कवा गेलास?"

मी चुलत्यांना म्हणाले, "आबा, आत्याच्या नावावर करूया. जाती तीच, बोलती तीच. तुमच्या पैशाला कोण हात लावतंय?"

मग चुलते म्हणाले, "हिच्या नावावर? आन हिच्या माघारी ते कुणाला जाणार? ना पोर ना बाळ. उद्या सासरचं कोण उभं ऱ्हायलं म्हंजी?"

हे तिच्यासमोर. ती दोन हातांवर बसलेली असताना.

"मी बसलीया हितं," आत्या म्हणाली. "मेले न्हाय अजून."

तीन नावं एकत्र घालता येतात हेही मी सांगून पाहिलं. मग पहिलं नाव कुणाचं यावर गाडी पुन्हा तिथंच अडली, कारण नोटीस पहिल्या नावाला येते. नोटीस चुलीत घालणाऱ्या माणसांना अचानक ती नोटीस हवीशी झाली होती. मला तेव्हा वाटलं, आजोबा जिवंत असते तर त्यांनी या ओट्यावरच्या एकेकाचा कान धरून त्याची खूण दाखवली असती.

त्यात आई बोलली. माझी आई चारचौघांत बोलत नाही. भाकरीचं पीठ मळता मळता दारातून म्हणाली, "माजी पाच आक्काला द्या. मला काय करायच्यात."

माझे तीन होतेच. आत्याचे अकरा, आईचे पाच, माझे तीन. एकोणीस. मी चुलतीकडं पाहिलं. ती चुलत्यांकडं पाहत होती. चुलत्यांनी तिचे पाच तोंडी हिशेबातच स्वतःच्या तेरांत मिळवून टाकले होते आणि वडिलांना म्हणत होते, "दोन दे मला, माजं वीस हुत्यात." म्हणजे आता सगळं माझ्या वडिलांवर येऊन थांबलं. चौदा शेअर त्यांचे. त्यातला एक बहिणीला दिला तर तिचं नाव राहत होतं. एक देऊन त्यांचं काहीही जात नव्हतं, चौदा असले काय नि तेरा असले काय, दोन्हीचा अपूर्णांकच. एवढंच काय, तीन गेले असते तर भाऊही खूश, बहीणही खूश, दोघांचीही नावं राहिली असती. हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. आबांना मात्र ते मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं, बाईला दिलं तर मला नको. आणि माझे वडील भावाच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते.

"तात्या, एकच द्या," मी वडिलांना विहिरीवर गाठून म्हणाले. "आबांना सांगूबी नका."

"बघू," ते म्हणाले. मग माझं तोंड बघून म्हणाले, "देतो. देतो की. माजी बहीण न्हाय का ती? शुक्करवारी बारामतीला यायचंच हाय मला औषधं न्यायला. येताना घिऊन येतो, तू ष्ट्यांडवर थांब."

शुक्रवार हाच शेवटचा दिवस होता. मी भरलेला फॉर्म त्यांच्या हातात दिला, कुठं सही करायची तिथं पेन्सिलीनं खूण करून. गावात आणखी कुणाकडून एक शेअर मागता आला असता. शेजाऱ्याकडं मी गेलेही होते, पण त्याचे शंभर पटीत बसलेले. एक दिला असता तर त्याचा एक नवा गेला असता, तो कशाला देईल. पण आमच्यासारखे तुटपुंजेवाले गावात होते. मी त्यांच्याकडं गेले नाही, कारण वडिलांनी 'देतो' म्हटलं होतं. बापाच्या शब्दाला जामीन मागायची रीत आमच्यात नव्हती.

शुक्रवारी मी कॉलेज बुडवून बारामतीच्या स्टँडवर उभी होते. पिशवीत आईचा आणि माझा फॉर्म आमच्या सर्टिफिकेटांसकट, शिवाय आत्याचं सर्टिफिकेट. आमच्या बाजूनं येणारी इंदापूरची प्रत्येक गाडी आली की मी दाराशी जायचे. माणसं उतरायची, पाट्या उतरायच्या, एकदा एक करडू उतरलं. वडील उतरत नव्हते. आधी मला काळजी वाटली, गाडी चुकली असेल, कुणाला बरं नसेल. नंतर आमच्या गावचा एक ओळखीचा माणूस उतरला. मी विचारलं तर म्हणाला, "तुजं तात्या? सकाळपास्नं रानात हायती की. डाळिंबाला पाणी धरलंय."

डाळिंबाला आदल्या दिवशी मी घरून निघाले तेव्हाच पाणी दिलेलं होतं.

मी ऑफिसात गेले. खिडकीतल्या क्लार्कनं फॉर्म उलटेपालटे केले, बेरीज केली आणि म्हणाला, "एकोणीस होतात ताई. वीस झाले असते तर गोष्ट वेगळी. आता याचा काही उपयोग नाही, फुकट तिकीट कशाला लावताय?"

"घ्या तुम्ही," मी म्हणाले. "उपयोगाचं मी बघते."

त्यानं घेतले. मला तेव्हा त्या खिडकीची काच फोडावीशी वाटत होती आणि त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. दोष ज्याचा होता तो तिकडं ओल्या डाळिंबाला पुन्हा पाणी देत होता.

संध्याकाळच्या गाडीनं मी घरी गेले. वडील हात धूत होते. मी विचारलं, का आला नाहीत. ते म्हणाले, "आगं, कामं काय कमी हायती का? आन एका शेअरनं काय हुतंय?"

"एकाच शेअरनं हुत हुतं तात्या. एकाच."

"तुला कळत न्हाय. घरात ऱ्हायाचंय मला. भावाला दुखवायचं का बहिणीला?"

"मंग बहिणीला दुखवलंत."

"मी कुणालाच दिलं न्हाय," ते म्हणाले, आणि हे त्यांनी असं सांगितलं की जणू काही फार मोठा न्याय केला. दोघांनाही न देणं म्हणजे मधला मार्ग, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. माझे वडील दुष्ट नव्हते. त्यांनी कधी कुणाला शिवी दिली नाही, आईवर हात उचलला नाही. गावात लोक त्यांना देवमाणूस म्हणायचे. मला मात्र त्या दिवसापासून देवमाणसांची भीती वाटते. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. गप्प बसणाऱ्या चांगल्या माणसानं केलेलं नुकसान कुणाच्याच नावावर लागत नाही.

आत्या भांडली नाही. मी तिला सांगितलं तेव्हा ती जनावरांना वैरण टाकत होती. "व्हय का," म्हणाली, आणि पेंडी सोडत राहिली. मग म्हणाली, "तू उन्हात उभी ऱ्हायलीस दिसभर. खाल्लंस का कायतरी?" मला रडू आलं ते रागानंच. तिनं मला शिव्या घातल्या असत्या, माझ्या बापाला घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

कोर्टाची मंजुरी आली. शीतगृहावरची पाटी बदलली. त्या वर्षी सभेची नोटीस आली नाही, कारण सभा आता मुंबईला होती आणि आमच्यापैकी कुणी तिचं भागधारक नव्हतं. पोस्टमन दारावरून पुढं गेला. आत्या ओट्यावर बसली होती. तिनं त्याला थांबवून विचारलं नाही, पण तो वळणाआड जाईपर्यंत तिची मान तिकडंच होती.

दिवाळीत मी घरी असताना पाकिटं आली. सहा नव्हे, चार. आईचे आणि माझे आता आत्याच्या नावावर होते ना. आत प्रत्येकाला चेक आणि एक छापील पत्र. आत्याचा चेक खात्यावर जमा करायचा होता आणि तिचं कुठल्याही बँकेत खातं नव्हतं. जुनी सर्टिफिकेटं रद्द समजावीत, असं खाली लिहिलं होतं. चुलत्यांनी आपला चेक आधी उजेडाकडं धरून पाहिला. "बरं झालं, कटकट गेली," ते म्हणाले.

"काय लिवलंय त्यात?" आत्यानं मला विचारलं. "सगळं वाच."

सगळे ओट्यावर होते, त्या दिवशी बसले होते तसेच. मी पत्र मराठीत सांगत गेले. भागधारकांना देय असलेले सर्व अपूर्णांक एकत्र करण्यात आले. त्यांचे मिळून जे पूर्ण शेअर झाले ते एका विश्वस्ताच्या नावावर करण्यात आले. त्यानं ते विकले आणि आलेली रक्कम ज्याच्या त्याच्या प्रमाणात वाटण्यात येत आहे.

हे वाचता वाचताच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावोगावचे तुकडे, वरकुट्याचे, लासुर्ण्याचे, कुणाकुणाचे, सगळे गोळा करून एकाच माणसाच्या नावावर. म्हणजे तुकडे जोडता येत होते. जोडलेही गेले. मी ओट्यावर हात जोडून जे मागत होते तेच तिकडं मुंबईत एका सहीनं झालं होतं आणि त्याला आमच्या घरातल्या एकानंही हरकत घेतली नव्हती.

आत्यानं हात वर करून मला थांबवलं. "थांब. म्हंजी समद्यांचं मिळून एकाच्याच नावावर केलं?"

"व्हय आत्या."

"आबाचंबी?"

"आबांचंबी. तात्यांचंबी."

"कोण हाय त्यो? आपल्या वळखीचा?"

"न्हाय. मुंबईचा हाय कोणतरी."

"कुणी बघितलाय का त्याला?"

"न्हाय."

आत्यानं आधी चुलत्यांकडं पाहिलं, मग माझ्या वडिलांकडं. आवाज चढवला नाही. बाजारातल्या भावाची चौकशी करावी तसं तिनं विचारलं, "मंग त्याच्या माघारी ते कुणाला जाणार, हे इचारलं का त्याला कुणी?"

चुलत्यांनी चेकची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. आई दारात आली होती, ती आत गेली नाही. माझे वडील उठले, चपला पायात सरकवल्या आणि मोटर बंद करायला जातो म्हणून रानाच्या वाटेला लागले. गावात सकाळपासून लाइट नव्हती.